डॉक्टर आहेत किती आणि भेटतो कधी

म्हापशाजवळच्या एका ताईंनी विचारले आहे. मुलगा आणि सून 2017 पासून इंग्लंडात स्विंडनला आहेत, पुतण्या गेल्या वर्षी लिस्बनला गेला. चार वर्षांच्या नातीला तीन दिवस ताप होता, तर तिथल्या डॉक्टरने फोनवरच पॅरासिटामोल द्यायला सांगितले, मुलीला बघितलेसुद्धा नाही. सुनेच्या पित्ताशयात खडे आहेत, ऑपरेशनसाठी ती आठ महिने यादीवर आहे. पुतण्याला तर अजून डॉक्टर नेमूनच मिळालेला नाही. ताई लिहितात, "मी संध्याकाळी सहाला घरातून निघाले तर साडेसहाला डॉक्टरांसमोर बसलेली असते. मग डॉक्टर जास्त कुणाकडे, आपल्याकडे की त्यांच्याकडे? आणि सुनेला ऑपरेशनला इथे बोलावून घेऊ का?"

ताई, सुनेबद्दल एक गोष्ट आधी सांगतो, कारण ती थांबणारी नाही. पोटात उजवीकडे दुखून थंडी-ताप आला, डोळे पिवळे दिसू लागले, लघवी गडद झाली, किंवा दुखणे काही तासांत उतरलेच नाही, तर तिने यादीचा विचार सोडून सरळ तिथल्या इस्पितळाच्या इमर्जन्सी विभागात जायचे. यादी ही थांबू शकणाऱ्या आजारांची असते. खडा नळीत अडकला किंवा पित्ताशयाला सूज आली की तो आजार त्या यादीतला राहत नाही, आणि तिथे कोणी तिला यादी दाखवून परत पाठवणार नाही. हे तिला आजच फोनवर सांगा. बाकीचे सावकाश बोलू.

मी डिचोलीत दवाखाना चालवतो. त्याआधी नऊ वर्षे सत्तरी तालुक्यात सरकारी आरोग्य केंद्रात होतो, आणि त्याच्याही आधी तीन वर्षे इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका इस्पितळात. त्यामुळे तुमचा प्रश्न मी दोन्ही टोकांनी अनुभवलेला आहे.

आकड्यांनी सुरुवात करू, कारण तुम्ही "जास्त कुणाकडे" असे विचारले आहे. हजार लोकांमागे पोर्तुगालमध्ये साडेपाचच्या वर डॉक्टर दाखवले जातात. ब्रिटनमध्ये तीनच्या थोडे वर, जर्मनीत साडेचारच्या आसपास. जपान आणि दक्षिण कोरियात अडीचच्या जरा पुढे, अमेरिकेतही साधारण तेवढेच. आपल्या देशात सरकारी हिशेब 834 लोकांमागे एक डॉक्टर असा सांगितला जातो, पण त्यात आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानीचे साडेपाच लाखांवर वैद्य धरलेले आहेत. 2022 च्या जूनमध्ये ॲलोपॅथीच्या नोंदणीवर 13 लाख 8 हजार नावे होती आणि त्यातले 80 टक्के प्रत्यक्ष कामात आहेत असे सरकारनेच गृहीत धरले होते. तेवढ्यांना 140 कोटींत वाटले तर हजारामागे पाऊण डॉक्टर येतो.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे, की ज्या पुतण्याला डॉक्टर मिळत नाही त्याच्या देशात आपल्या सातपट डॉक्टर आहेत. तुम्हाला जिथे अर्ध्या तासात मिळतो, तिथे ते सर्वांत कमी आहेत.

हे वाचून आकडेच खोटे असावेत असे वाटेल. खोटे नाहीत, पण प्रत्येक देश वेगळ्या मापाने मोजतो. पोर्तुगालच्या आकड्यात परवाना असलेला प्रत्येक डॉक्टर येतो. निवृत्त होऊन परवाना ठेवलेला, दुसऱ्या देशात काम करणारा, सगळे त्यात. प्रत्यक्ष रुग्ण तपासणारे त्याहून बरेच कमी. आपल्याकडेही राज्याच्या वैद्यकीय परिषदेत नाव घालून दुबईला किंवा लंडनला गेलेला माणूस नोंदणीत तसाच राहतो. माझ्या बॅचमधले कितीतरी जण पंचवीस वर्षे बाहेर आहेत आणि कागदावर त्यांची नावे इथलीच आहेत.

"हजारामागे एक डॉक्टर हवा असे जागतिक आरोग्य संघटना सांगते" हे वाक्य आपण वर्तमानपत्रांत इतक्यांदा वाचले आहे की ते कुणी तपासत नाही. त्या संघटनेच्या 2006 च्या अहवालात हजारामागे 2.28 ही मर्यादा धरली होती, आणि ती डॉक्टर, नर्स आणि सुईण मिळून होती. पुढे 2016 मध्ये ती 4.45 केली, तीही तिघांची मिळून. मला हे फार महत्त्वाचे वाटते, कारण आपण डॉक्टर तेवढे मोजतो आणि नर्सला हिशेबाबाहेर ठेवतो. सत्तरीत असताना माझ्या आरोग्य केंद्राचा अर्धा भार आमच्या एएनएम, म्हणजे गावोगाव जाणाऱ्या परिचारिका, वाहत होत्या. गरोदर बाईचा रक्तदाब वाढलेला पहिल्यांदा त्यांच्या लक्षात यायचा, माझ्या नाही.

आता लिस्बनचे बघू. तिथली राष्ट्रीय आरोग्य सेवा 1979 मध्ये सुरू झाली. प्रत्येक नागरिकाला एक कुटुंब-डॉक्टर नेमून द्यायचा, तो आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांना ओळखणार, अशी कल्पना. ती सुरू झाली त्या काळात जे तरुण डॉक्टर मोठ्या संख्येने भरती झाले, ते सगळे साधारण एकाच वेळी निवृत्तीला आले. नवे शिकून बाहेर पडतात, पण सरकारी पगार आणि खाजगी इस्पितळाचा पगार यांची तुलना करतात आणि खाजगीकडे जातात. काही युरोपातल्याच दुसऱ्या देशात जातात, कारण त्यांना व्हिसा लागत नाही. परिणाम असा की सुमारे एक कोटी पाच लाखांच्या देशात पंधरा लाखांहून जास्त लोकांना नेमलेला कुटुंब-डॉक्टर नाही, आणि त्यांत सर्वाधिक लिस्बन आणि आसपासच्या भागात. राजधानीत घरभाडे इतके वाढले आहे की सरकारी पगारावर डॉक्टरलाही तिथे राहणे जड जाते. आपले गोंयकार बहुतेक तिथेच जाऊन राहतात, म्हणून ही ठेच त्यांना अधिक लागते.

पुतण्याने काय करावे? पहिले म्हणजे आपल्या वस्तीच्या आरोग्य केंद्रात नाव घालून रुग्ण-क्रमांक घ्यावा. कुटुंब-डॉक्टर नेमलेला नसला तरी त्या केंद्रावर तपासून घेण्याचा हक्क जात नाही. फक्त रोज ठरावीकच जागा असतात, म्हणून सकाळी लवकर जावे लागते. दुसरे, तिथे आरोग्य सेवेची चोवीस तासांची फोन लाइन आहे. तिच्यावर नर्स सगळे विचारून कुठे जायचे ते सांगते. थेट इस्पितळात जाऊन आठ तास बसण्यापेक्षा त्या फोनवरून पाठवलेल्या माणसाची सोय बरी होते. मुख्य अडचण भाषेची असते. त्याला पोर्तुगीज येत नसेल तर आपल्या आजारांची आणि औषधांची चार वाक्ये तरी कुणाकडून लिहून घेऊन खिशात ठेवायला सांगा.

इंग्लंडची गोष्ट वेगळी आहे. तिथे 5 जुलै 1948 ला राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि तेव्हापासून घडी एकच आहे. पहिल्या दारात जीपी, म्हणजे वस्तीतला नेहमीचा साधा डॉक्टर. त्याच्या चिठ्ठीशिवाय तज्ज्ञ डॉक्टरकडे जाता येत नाही, इमर्जन्सी सोडून. मी तिथे असताना माझ्या ओपीडीत जीपीच्या पत्राशिवाय एकही माणूस आला नाही. इथे डिचोलीत माणसाच्या छातीत धडधडले की तो पणजीच्या हृदयतज्ज्ञाची वेळ घेतो, आणि तीन तपासण्या करून झाल्यावर कळते की थायरॉइड वाढलेला होता. जीपीच्या दारात ती गोष्ट एका रक्ततपासणीत संपली असती.

पण दार एकच असले की दारात गर्दी होते. म्हणून तिथे रिसेप्शनवरची बाई किंवा ऑनलाइन फॉर्म आधी विचारपूस करतो, आणि त्यावरून ठरते की डॉक्टर फोन करणार, नर्स बघणार की औषधाच्या दुकानात पाठवणार. 2024 च्या जानेवारीअखेरपासून इंग्लंडात फार्मसिस्टलाच सात किरकोळ आजारांवर औषध द्यायची मुभा आहे. कानदुखी, घसादुखी, बायकांना होणारी लघवीची जळजळ वगैरे त्यात येते. तुमच्या मुलाला हे ठाऊक नसेल तर सांगा. आपल्याकडे फार्मसीवाल्याला विचारून औषध घेणे हा नियमाबाहेरचा रिवाज आहे. तिथे तोच प्रकार नियमात बसवून, कुठले आजार आणि कुठली औषधे ते ठरवून केला आहे.

नातीच्या तापाबद्दल मला तुमची समजूत थोडी बदलायची आहे. राग समजतो. नात आजारी आणि आजी सात हजार किलोमीटरवर, मग तो येणारच. पण चार वर्षांचे मूल, तीन दिवस ताप, मधून खेळते, पाणी पिते, लघवी होते, श्वास नीट आहे, अशा वेळी पॅरासिटामोल, भरपूर पाणी आणि लक्ष ठेवणे हाच बरोबर उपचार आहे. त्या डॉक्टरने काही चुकवले नाही. तिथल्या नियमाने ताप पाच दिवस टिकला तर मूल तपासून घ्यायचे. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 अंश सेल्सिअस ताप आला तर मात्र एक दिवससुद्धा थांबायचे नाही. आणि वय कितीही असो, मूल मलूल पडले, हाक मारून नीट जागे होत नाही, धाप लागली, मान आखडली, अंगावर असे चट्टे आले जे काचेचा ग्लास दाबून धरला तरी पुसट होत नाहीत, तर फोनवर बोलत बसायचे नाही, इस्पितळ गाठायचे. सुनेला हे माहीत असेल तर फोनवरचा सल्ला तिला हिडीसफिडीस वाटणार नाही.

आता हीच नात म्हापशात असती तर? तुम्ही पहिल्याच संध्याकाळी तिला घेऊन गेला असता. डॉक्टरने घसा बघितला असता, छाती तपासली असती. आणि दुसऱ्या दिवशी ताप उतरला नाही म्हणून तुम्ही परत गेला असता तेव्हा, गरज नसताना, अँटिबायोटिक लिहून दिले गेले असते. हे मी दुसऱ्यांवर आरोप म्हणून लिहीत नाही. फी घेतल्यावर माणसाला "काही करू नका, वाट बघा" म्हणून परत पाठवणे फार कठीण असते, आणि दवाखाना सुरू केल्यावर पहिली दोन वर्षे मलाही ते जमले नाही. आज मी आई-वडिलांशी पाच मिनिटे जास्त बोलतो आणि औषध कमी लिहितो. ती पाच मिनिटे काढण्यासाठी बाहेर बसलेल्यांना थांबावे लागते. डॉक्टर "मिळतो" म्हणताना ही मिनिटेही मोजायला हवीत. 67 देशांतल्या डॉक्टरांच्या तपासणीचा वेळ मांडणारा एक अभ्यास 2017 मध्ये आला. स्वीडनमध्ये सरासरी बावीस मिनिटांवर, ब्रिटनमध्ये दहाच्या जरा आत, भारतात दोनेक मिनिटे आणि बांगलादेशात 48 सेकंद.

स्वीडनचे नाव आलेच आहे तर एक तुलना सांगतो. मला ती सगळ्यांत बोलकी वाटते. दक्षिण कोरियात माणूस वर्षाला सरासरी पंधराहून जास्त वेळा डॉक्टरकडे जातो. स्वीडनमध्ये दोन-तीनदा. आणि हजारामागे डॉक्टर मात्र स्वीडनमध्ये कोरियापेक्षा पुष्कळ जास्त. कोरियात डॉक्टरला प्रत्येक तपासणीमागे पैसे मिळतात, चिठ्ठीशिवाय कुठल्याही तज्ज्ञाच्या दारात जाता येते, म्हणून दारे उघडी असतात आणि प्रत्येक भेट आटोपती असते. स्वीडनमध्ये पहिल्या फोनला बहुतेकदा नर्स असते, डॉक्टर पगारावर असतो, भेटी कमी आणि लांब. म्हापशात तुम्हाला साडेसहाला डॉक्टर भेटतो तो कोरियाच्या पद्धतीने. एका दुपारी साठ माणसे बघणारा डॉक्टर आकड्यात एकच असतो, पण साठ जणांना वाटते की आपल्याकडे डॉक्टरांची काही कमी नाही.

कोरियाने आपली कमतरता भरून काढायला 2024 च्या फेब्रुवारीत एक निर्णय घेतला. वैद्यकीय शिक्षणाच्या जागा 3,058 होत्या, त्यात एकदम 2,000 वाढवायचे ठरवले. शिकाऊ डॉक्टरांनी हजारोंनी राजीनामे दिले, मोठ्या इस्पितळांतली ऑपरेशने पुढे ढकलावी लागली, आणि शेवटी 2026 च्या प्रवेशासाठी सरकारला पुन्हा 3,058 वर यावे लागले. डॉक्टरांनी रुग्णांना असे सोडून जावे हे मला पटत नाही. पण त्यांच्या एका म्हणण्यात तथ्य होते. सोलमध्ये त्वचारोगाचे दवाखाने रांगेने आहेत आणि दूरच्या जिल्ह्यात बाळंतपण करायला कोणी नाही. जागा वाढवून निघालेले नवे डॉक्टर त्या जिल्ह्यात जातील याची हमी कोणती?

हाच प्रश्न आपल्याला विचारा. देशात 2014 मध्ये एमबीबीएसच्या 51 हजारांच्या आसपास जागा होत्या, आता लाखाच्या पुढे आहेत. तरीही ग्रामीण भागातल्या सामुदायिक आरोग्य केंद्रांत लागणाऱ्या तज्ज्ञ डॉक्टरांपैकी 2022 च्या सरकारी आकडेवारीत सुमारे 80 टक्के कमी होते. शल्यचिकित्सक, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, फिजिशियन असे चार लागतात. तिथे एकही नाही किंवा एखादाच. ब्रिटनमध्ये वेल्सच्या खाणगावात जीपी असलेल्या ज्युलियन ट्युडर हार्ट यांनी 1971 मध्येच लिहून ठेवले की जिथे गरज सर्वांत जास्त तिथे चांगला उपचार सर्वांत कमी मिळतो, आणि बाजाराच्या हाती जेवढे सोपवाल तेवढे हे वाढते. मी तो लेख बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना वाचला आणि वाळपईच्या पुढे नोकरीला गेल्यावर समजला.

काही देशांनी यावर उपाय केले. थायलंडने 1967 पासून डॉक्टर झालेल्यांना गावात सेवा सक्तीची केली, आणि त्यासोबत तालुक्याची इस्पितळे खरोखर उभारली, राहायला घरे दिली. आपल्याकडे गावात सेवा करण्याचा बाँड आहे, पण गावात पाठवलेल्या पोरीला राहायला खोली नसते, रात्री सोबत कोणी नसते, आणि मग ती दंड भरून मोकळी होते. क्यूबात क्रांतीनंतर सहा हजारांतले जवळपास निम्मे डॉक्टर देश सोडून गेले. तिथून त्यांनी पुढे हजारामागे आठपर्यंत मजल मारली. 1984 पासून वस्तीतच खाली दवाखाना, वर डॉक्टरचे घर अशी व्यवस्था केली. आता त्यातले बरेच परदेशी मोहिमांवर असतात आणि मागे औषधांची टंचाई असते. डॉक्टर दारात आहे, गोळी नाही, अशी पाळी तिथल्या लोकांवर येते.

मोझांबिकची गोष्ट आपल्याला जवळची वाटायला हवी. 1842 मध्ये पणजीत सुरू झालेल्या एस्कोला मेडिकातून, म्हणजे आजच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या (गोमेकॉच्या) पूर्वजाकडून, शिकून निघालेले गोमंतकीय डॉक्टर पोर्तुगीजांच्या आफ्रिकेतल्या वसाहतींत नोकरीला जात. 1975 मध्ये मोझांबिक स्वतंत्र झाला तेव्हा पोर्तुगीज निघून गेले, बहुतेक डॉक्टरही गेले. आजही तिथे लाख लोकांमागे दहासुद्धा डॉक्टर नाहीत. लाखामागे, हजारामागे नव्हे. त्यांनी 1984 पासून डॉक्टर नसलेल्या पण अनुभवी आरोग्य कर्मचाऱ्यांना शस्त्रक्रियेचे रीतसर शिक्षण द्यायला सुरुवात केली. ग्रामीण इस्पितळांतली बहुतेक सिझेरियन आज त्यांच्याच हातून होतात, आणि डॉक्टरांनी केलेल्या सिझेरियनशी तुलना केली तेव्हा त्यांचे निकाल उणे ठरले नाहीत. आपल्याकडे नर्सला साधे अधिकार द्यायचे म्हटले तरी आम्ही डॉक्टर मंडळीच आधी विरोध करतो. मला हे खटकते.

आता गोव्याचे. आपले राज्य 3,702 चौरस किलोमीटरचे. 2011 च्या जनगणनेत साडेचौदा लाख माणसे. बांबोळीला गोमेकॉ, म्हापशाला आणि मडगावला जिल्हा इस्पितळे, फोंड्याला उपजिल्हा इस्पितळ, तालुक्यांत आरोग्य केंद्रे. 2016 पासून दीनदयाळ योजनेत तीन माणसांच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांपर्यंत आणि मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंत उपचार. बिहार-झारखंडमधल्या माणसाने हे ऐकले तर त्याला गोवा दुसरा देश वाटेल. आपली सीमा ओलांडून दोडामार्ग, सावंतवाडी, बांद्याची माणसे बांबोळीला येतात ती उगाच नव्हे. 2018 च्या सुरुवातीला परराज्यांतल्या रुग्णांना तिथे शुल्क लागू झाले तेव्हा दोडामार्गात लोक आंदोलनाला बसले. तिलारीच्या पलीकडच्या माणसाला सर्वांत जवळचे मोठे इस्पितळ दुसऱ्या राज्यात आहे, आणि त्याच्या गावात तज्ज्ञ डॉक्टर यायला तयार नाही. देशादेशांतला फरक पाहायला लिस्बनपर्यंत जावे लागत नाही, दोडामार्गचा नाका पुरतो.

आणि ताई, तुम्ही ज्याला "लगेच मिळतो" म्हणता ते म्हापशाचे, संध्याकाळचे आणि फी देऊ शकणाऱ्याचे आहे. सत्तरीत असताना एका म्हाताऱ्या बाईला तिचा नातू घेऊन आला. पाय सुजलेले, रात्री उताणे झोपता येत नव्हते, दोन पावले टाकली की धाप. कधीपासून? आषाढापासून. येईतो चवथ उलटली होती. पावसात गावातली बस बंद, मुलगा कामाला वास्कोला, मग चवथीची गडबड, घरात कुणाला सांगावे? हृदय थकून शरीरात पाणी साचले होते. तिला तेव्हाच बांबोळीला पाठवले. ती वाचली, पण त्या अडीच महिन्यांत हृदयाचे जे नुकसान झाले ते भरून आले नाही.

तिची ती वाट पाहणे कुठल्याच वहीत लिहिलेले नाही. इंग्लंडात 2023 च्या सप्टेंबरमध्ये उपचाराच्या प्रतीक्षायादीत 77 लाखांवर नोंदी होत्या. वर्तमानपत्रांत मथळे आले, संसदेत मंत्र्याला उत्तर द्यावे लागले. अठरा आठवड्यांत उपचार सुरू करण्याचे बंधन वर्षानुवर्षे पाळले जात नाही, ही तिथे लाजिरवाणी गोष्ट मानली जाते आणि ती तशीच आहे. पण तुमच्या सुनेचे नाव त्या यादीत आहे, तारखेसह आहे. सत्तरीच्या त्या बाईचे नाव कुठे होते? आपल्याकडे जो येतच नाही त्याची रांग कुणी मोजत नाही, म्हणून आपल्याला वाटते की रांग नाही. मी इतकी वर्षे दोन्हीकडे काम केले आणि मला सर्वांत जास्त बोचते ते हे.

संख्या न वाढवताही डॉक्टर माणसाजवळ नेता येतो, याचे एक उदाहरण आपल्याच राज्यात आहे. छातीत दुखणारा माणूस आरोग्य केंद्रात आला की ईसीजी काढून गोमेकॉच्या हृदयतज्ज्ञांना पाठवायचा, त्यांनी तिकडून बघून सांगायचे, आणि गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तिथेच देऊन मग 108 ने पुढे न्यायचे, अशी व्यवस्था काही वर्षांपूर्वी सुरू झाली. काणकोणहून बांबोळी दीड-दोन तासांवर. हार्ट अटॅकमध्ये हे दोन तास स्नायू मरण्याचे असतात. माझ्या नोकरीच्या काळात हे असते तर काही माणसे आज हयात असती, त्यांची नावे मला अजून आठवतात.

आता सुनेचे ऑपरेशन. दुखणे वारंवार येत असेल तर तिने जीपीला तसे लेखी कळवावे, प्रत्येक वेळेची तारीख लिहून. आठ महिन्यांपूर्वीच्या स्थितीवर तिचा नंबर लागलेला आहे. त्रास वाढल्याचे कळल्याशिवाय तो पुढे सरकत नाही. दुसरे, इंग्लंडात जीपीने पाठवताना कुठल्या इस्पितळात जायचे ते निवडण्याचा हक्क रुग्णाला असतो. शेजारच्या शहरात यादी आखूड असू शकते. तिने हे विचारले आहे का? बहुतेक आपली माणसे संकोचाने विचारत नाहीत, जिथे पाठवले तिथे थांबतात.

गोव्यात आणायचे तर दुर्बिणीने पित्ताशय काढण्याचे ऑपरेशन इथे चांगले होते, त्याबद्दल मनात शंका ठेवू नका. पण खर्च खिशातून धरून चला. दीनदयाळ योजना गोव्यात राहणाऱ्यांसाठी आहे, परदेशी नागरिकत्व घेतलेल्या सुनेला ती लागू होईल असे गृहीत धरू नका. ऑपरेशननंतर दोन-तीन आठवडे इथे राहण्याची रजा हवी, म्हणजे काही गुंतागुंत झाली तर ज्याने ऑपरेशन केले तोच बघेल. आणि दुखणे सुरू असताना दहा-बारा तासांचे विमान नको. त्रास क्वचित असेल, रजा मिळत असेल, पैशांची सोय असेल तर डिसेंबरात बोलवा. त्रास वारंवार असेल तर तिथेच नंबर पुढे आणायला लावा.

तिचा सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि रक्ततपासणीचे कागद मला पाठवून द्या. रिपोर्टात पित्तनळीची रुंदी लिहिलेली असते, ती मला बघायची आहे. नळी फुगलेली असेल तर डिसेंबरपर्यंत थांबायचे नाही, आणि मग जीपीला दाखवायला चार ओळींचे पत्र मीच लिहून देतो.